मुहूर्ताची गाडी

कार्तिक लागला की माझं नाक आधी जागं होतं. उन्हात तापलेली सरकी, बैलांचा घाम, यंत्राचं तेल आणि नव्या गोणपाटाचा उग्र दर्प यांचा मिळून एक वास जालन्यावर पसरतो. बाहेरगावच्या पाहुण्याला त्यानं शिंका येतात, डोळे चुरचुरतात. आम्हाला मात्र तो आला नाही तर दिवाळी होऊन गेली असं वाटतच नाही. मोंढ्याकडे, म्हणजे कापसाच्या बाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळी आहेत. कापसानं शीग लावून भरलेल्या गाड्या त्यांच्याखालून गेल्या की काट्यांना कापूस अडकतो आणि आठ-दहा दिवसांत बाभळी पांढऱ्या होतात. म्हाताऱ्या बायका काठीला काटा बांधून तो कापूस ओढून नेतात आणि त्याच्या वाती वळतात. काट्यावरचा कापूस कोणाच्या मालकीचा नसतो, अशी इथली रीत आहे.

यंदा बाभळी लवकर पांढऱ्या झाल्या. लढाई संपली, आता परदेशी गिऱ्हाईक पुन्हा येईल, असं मोंढ्यात जो तो बोलतो. मी जीनच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं आत कशीबशी धडधडत असतात, पण रुई दाबून गासड्या बांधणारी मोठी प्रेस चार वर्षं उभीच आहे. तिचा एक भाग मोडला आणि तो भाग ओसाकाहून यायचा. लढाईत जपान आपल्या बाजूचं नव्हतं, त्यामुळे कागद बंद, माल बंद, सगळंच बंद. येणारा-जाणारा विचारतो, "दिगंबरराव, प्रेस कधी सुरू करता?" मी म्हणतो, "पाहू." वर्तमानपत्रात आलं होतं की ओसाका जळून गेलं. मी ते गाव कधी पाहिलं नाही. तिथला एक माणूस मात्र माझ्या ह्या ओट्यावर एक हंगाम बसला होता, आणि त्याच्याविषयी आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्याचं नाव इशिदा. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त, तेव्हा पस्तिशी ओलांडलेली. अंगानं किरकोळ, डोक्यावर खाकी टोपी, अंगात भर उन्हातही काळा कोट. तो कोट नटण्यासाठी नव्हता. कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून तो हळूच ओढायचा, तंतू सरळ करायचा आणि बाहीच्या काळ्या कापडावर ठेवून त्याची लांबी पाहायचा. आमच्या मजुरांची पोरं त्याला 'काळ्या कोटाचा साहेब' म्हणत. मला तो 'दिगंबरसान' म्हणायचा. 'सान' म्हणजे त्यांच्यातलं 'राव', हे मला युसूफभाईंनी सांगितलं.

युसूफभाई हे आमचे दलाल. माझ्या वडिलांच्या वेळेपासून कापसाचा सौदा त्यांच्याच तोंडून व्हायचा. घरात उर्दू, मोंढ्यात मराठी, रेल्वेच्या गोऱ्या साहेबाशी इंग्रजी, अशा तीन जिभा त्यांच्या तोंडात होत्या. ओसाकाच्या कंपनीची मुंबईत कचेरी होती आणि मराठवाड्यात तिला जागेवर कापूस हवा होता. मला दाबाची प्रेस हवी होती, कारण माझी रुई दुसऱ्याच्या प्रेसवर नेण्यात निम्मा हंगाम जायचा. युसूफभाईंनी दोन्ही टोकं जुळवली. जागा, जीन आणि शेतकरी माझे. प्रेस, आगबोट आणि परदेशातलं गिऱ्हाईक त्यांचं. नफा-तोटा निम्मा-निम्मा. हसनाबादला आमच्या भाऊबंदांत बातमी गेली तेव्हा थोरले काका म्हणाले, "भागीचे घोडे किवणाने मेले. आन् हितं तं भागीदार समुद्रापल्याडचा!" मी हसून सोडून दिलं. काकांना जालन्यापलीकडचं जग ठाऊक नाही, असं मला वाटायचं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

शराकतनामा, म्हणजे भागीदारीचा करार, अंबडच्या वकिलांनी उर्दूत लिहिला, कारण इथली निजामाची कचेरी उर्दू वाचते. मुंबईहून त्याची इंग्रजी प्रत आली आणि ओसाकासाठी त्यांच्या चित्रासारख्या अक्षरांत तिसरी झाली. मराठीत एकही नव्हती. तारखाही तशाच: दरबारी फसली साल, मुंबईचं इंग्रजी, जपान्यांचं त्यांच्या बादशहाच्या नावाचं, आणि माझ्या डोक्यात आपलं शके. चार पंचांगं एका कागदावर सुखानं नांदत होती. मी प्रत्येक प्रतीवर सही केली आणि मनात म्हटलं, मराठीत लिहायची गरजच काय, मी तर इथंच आहे.

गासड्यांवर मारायच्या छापाचं चित्र इशिदानं स्वतः कुंचल्यानं काढलं. आमच्या घराण्याचा बैल खाली, आणि त्याच्यावर त्यांच्याकडचा एक लांब मानेचा शुभ पक्षी. शेतकऱ्यांनी तो बघितला आणि लगेच ओळखला. "बगळा हाय ह्यो! बैलावरचा बगळा!" इशिदाला ते समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की टोपी पडली. युसूफभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिगंबरराव, जोडी बराबर हाय. बस, कोन कोनाच्या गोचिड्या खाऊन राह्यलं ते आपल्याला बघायचं." त्या दिवसापासून आमच्या मालाचं नाव 'बगळा-बैल छाप' पडलं.

त्या पावसाळ्यात प्रेस उभी राहिली. इशिदा जीनच्याच एका खोलीत राहायचा, कपडे स्वतः धुवायचा, बिनदुधाचा चहा प्यायचा. माझी बायको त्याच्यासाठी धपाटे पाठवायची. तिखट लागलं की त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, पण तो शेवटचा घास संपवल्याशिवाय पाण्याला हात लावत नसे. ती म्हणायची, "असा खाणारा मानूस खोटं बोलत न्हाई." बायकांच्या अशा कसोट्यांना मी तेव्हा हसायचो.

सरकी चावून बघायला त्याला मीच शिकवलं. कापूस ओला आहे की कोरडा हे आम्ही हातानं पाहतोच. मूठभर दाबून सोडला की कोरडा माल लगेच फुलतो, ओला बसून राहतो. पण खरी परीक्षा दाताची. गाडीच्या तळातली सरकी काढून दाढेखाली धरायची. कट् वाजली तर वाळलेली, नुसतीच चेपली तर ओल आहे. ओला कापूस जीनमध्ये गेला तर तंतू तुटतो, आणि ती रुई गासडीत दाबली गेली तर आत कोंडून कुजते. बाहेरून गोणपाट चांगलं, लोखंडी पट्ट्या चांगल्या, आणि पोटात काळं. इशिदा दिवसभर सरकी चावत हिंडायचा. त्याच्या दाढा दुखायला लागल्या तेव्हा बायकोनं लवंगेचं तेल पाठवलं.

शराकतनाम्याचं चौथं कलम ह्याच गोष्टीचं होतं. प्रत्येक गाडी पुरी रिकामी करून तळापर्यंत पाहायची. मग चिठ्ठीवर आधी मी 'पाहिला' म्हणून सही करायची, नंतर कंपनीच्या माणसानं. दोन सह्यांशिवाय कापूस यंत्रावर जायचा नाही. मला ते कलम आवडलं होतं. दोन माणसं एकमेकांपासून हजारो कोसांवर राहतात, आणि दोघांनी एकच माल पाहिला अशी खूण एका चिठ्ठीवर उमटते, ह्यात मला काहीतरी मोठं वाटायचं. आता वाटतं की शराकत म्हणजे तेवढंच असतं. आपण जिथं नाही तिथं दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं. बाकीची कलमं वकिलांच्या पोटासाठी असतात.

पण आमच्याकडे एक गाडी अशी असते जी कोणी तपासत नाही. दिवाळी पाडव्याला हंगामाचा मुहूर्त होतो. त्या दिवशी जीनच्या फाटकातून जी पहिली गाडी येते तिच्या बैलांचे पाय धुवायचे, शिंगांना हळदकुंकू लावायचं, गाडीवानाला फेटा बांधायचा, आणि माल डोळे झाकून पदरात घ्यायचा. त्या गाडीचा भाव होत नाही, तिच्यात हात घालत नाहीत, तिची सरकी चावत नाहीत. मुहूर्ताचा कापूस म्हणजे शेताची लक्ष्मी. तिला वाकून पाहणं म्हणजे दारात आलेल्या सुनेचे दात मोजणं. ज्यानं पहिली गाडी परत लावली त्याच्या फाटकाकडे त्या साली दुसरी गाडी वळत नाही, हे मोंढ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्याकडे मुहूर्ताची गाडी वडिलांच्या वेळेपासून टेंभुर्णीच्या राणूजीची असायची. रात्रीचा मुक्काम वाटेत करून तो पाडव्याला दिवस उगवायला फाटकावर हजर असे. त्याच्या कापसात कधी काडी निघाली नाही.

इशिदाला मी मुहूर्ताचा थाट सांगितला होता. पाय धुणं, फेटा, कुंकू, सगळं वर्णन करून सांगितलं. तपासत नाहीत, एवढंच सांगायचं राहिलं. मुद्दाम लपवलं असं नाही. आपल्या रीती परक्याला सांगताना आपण शोभेचा भाग सांगतो. त्याला ते सगळं इतकं भावलं की त्यानं कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. ठरलं असं की मुहूर्ताच्या गाडीच्या पहिल्या दोन गासड्या, एक आणि दोन नंबरच्या, ओसाकाला गिरणीवाल्यांना बोलावून त्यांच्यासमोर फोडायच्या. दोन घरांच्या सोयरिकीतलं पहिलं ताट, असं तो समजत होता.

पाडव्याच्या आधी तीन दिवस अवकाळी पाऊस पडला. उघडलेली बोंडं झाडावरच भिजली. मी ओट्यावर उभा राहून आभाळाला शिव्या घातल्या आणि मुहूर्त पुढे ढकलावा असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. पाडवा पुढे ढकलता येतो का?

सकाळी राणूजी आला. ऊन कोवळं होतं, रस्त्यावर चिखल वाळत होता, फाटकावर आंब्याचं तोरण. ताशेवाले वाजवत होते. बायकोनं बैलांचे पाय धुतले. मी फेटा बांधायला पुढे झालो तेव्हा राणूजीनं मान खाली घातली आणि ताशांच्या गलक्यात माझ्या कानाशी म्हणाला, "मालक, वरचा माल बराबर हाय. खालचा वलसर हाय. परवाच्याला वेचनी चालू व्हती आन् पान्यानं गाठलं. न्हाई आलो तं तुमचा मुहूर्त चुकंल, म्हनून आल्तो. पन तुम्ही खालचा माल उन्हात टाका दोन दिस. तसाच मशिनीवर घालू नका."

मी म्हटलं, "बघतो मी. तू फेटा बांधून घे."

युसूफभाई माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांनीही ऐकलं.

उन्हात टाकायचा म्हणजे सगळ्या मोंढ्यादेखत मुहूर्ताचा कापूस अंगणात पसरायचा. दिगंबररावाची लक्ष्मी ओली निघाली, असं संध्याकाळपर्यंत अंबडपर्यंत गेलं असतं. फाटकाबाहेर शंभरेक गाड्या उभ्या होत्या आणि गाडीवान माना उंचावून आत बघत होते. मी माणसांना खूण केली. गाडी रिकामी झाली आणि कापूस सरळ यंत्राशी जाऊन पडला. मी चिठ्ठीवर सही केली. तेवढ्यात इशिदा प्रेसकडून घाईघाईनं आला, गुलाल लागलेला, खुशीत. त्यानं चिठ्ठी हातात घेतली आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "दिगंबरसान, नीचे तक देखा?"

मी म्हणालो, "देख लिया."

त्यानं लगेच सही केली. क्षणभरही थांबला नाही.

मी काही फार वाईट माणूस नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा स्वतःला ऐकवलं आहे की आता ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं. त्या दिवशी माझ्या मनात पापाचा लवलेश नव्हता, हे खरं आहे. थोडीशी ओल, दोन गासड्या, पुढे सगळा हंगाम कोरडा. परक्या माणसाला आपल्या घरातली अडचण कशाला सांगायची? पाहुण्यासमोर डाळ पातळ झाली तर आपण तिच्याबद्दल बोलत नाही, वाढतो. मी त्याला पाहुणा समजत होतो. तो भागीदार होता, हे कागदावर सही करूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तो हंगाम मोठा झाला. गाड्या मागे हटेनात. प्रेसचा भोंगा पहाटे वाजला की सगळं गाव उठायचं. बगळा-बैल छापाच्या गासड्या रेल्वेच्या डब्यांतून निघायच्या, निजामी हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायच्या आणि मुंबईला आगबोटीत चढायच्या. पहिल्या दोन गासड्या गेल्या तेव्हा इशिदा स्टेशनवर आला होता. डब्याचं दार लागल्यावर त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. हमाल हसले. मीही हसलो. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसायचो आणि त्याच्या चार हिंदी शब्दांत बोलायचो. त्याला पुढच्या साली बायको-मुलीला इथं आणायचं होतं. मुलीला बैल दाखवायचे होते. ओसाकात बैल नाहीत का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आहेत, पण त्यांच्या शिंगांना कोणी कुंकू लावत नाही.

चैत्रात मुंबईहून पत्र आलं आणि पाठोपाठ कंपनीचे थोरले साहेब आले. दुपार होती. कचेरीत वाळ्याचा पडदा भिजवून लावला होता तरी अंगाची काहिली होत होती. टेबलाच्या एका बाजूला थोरले साहेब आणि इशिदा, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये दुभाषी म्हणून युसूफभाई. थोरल्या साहेबांनी कागदाची पुडी सोडली. आत रुई होती, पिवळट, मध्येच काळी. तिचा कुबट वास आधी आला. गिरणीवाल्यांसमोर, माळ घालून, समारंभानं फोडलेल्या एक नंबरच्या गासडीतली होती ती. त्यांनी शांतपणे विचारलं, ही गाडी कोणी पाहिली?

इशिदा म्हणाला, "चिठ्ठीवर माझी सही आहे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असा माल आत आला कसा, एवढंच त्यांना हवं होतं.

खरं उत्तर अगदी सोपं होतं. मुहूर्ताची गाडी आमच्याकडे तपासत नाहीत. शेतकऱ्यानं ओल सांगितली होती. मी ऐकली नाही आणि इशिदाला पाहिली म्हणून सांगितलं. तीन वाक्यं. ती माझ्या जिभेवर आली नाहीत. जीनवर पोट असलेल्या माणसांचा विचार मी केला, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. खरं तर तो विचार मला नंतरच सुचला. त्या वेळी मला फक्त लाज वाटली. ह्या टापटिपीच्या माणसांसमोर मी अडाणी ठरणार, प्रेस उचलून नेतील, काका हसतील, भागीचं घोडं मेलं म्हणतील.

मी म्हणालो, "शेतकऱ्यानं फसवलं. ओला माल खाली लपवून आणला."

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, मग ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. थोरल्या साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. शेतकरी फसवतात, हे त्यांना सगळ्या देशांत पटत असावं. इशिदा मात्र माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या नजरेत संशय नव्हता हेच मला आजवर छळतं. माझी कीव आल्यासारखं तो बघत होता, आपल्याच गावच्या माणसानं ह्याला फसवलं म्हणून.

शराकत पुढे चालेल, पण दोन अटींवर, असं ठरलं. एक, सही करणारा इशिदा परत जाईल. दोन, त्या गाडीवानाचा माल पुन्हा ह्या फाटकातून आत येणार नाही. मी दोन्हींवर सही केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं संन्यासी दोन होते.

बाहेर ओट्यावर युसूफभाई वहाणा घालत होते. वर न बघताच म्हणाले, "दिगंबरराव, झूट तुमची व्हती. तोंड माझं वापरलं. तीस साल ह्या तोंडानं मोंढ्यात सौदे केले म्या." मी म्हटलं, "युसूफभाई, तुम्हाला माहीतच आहे, इकडे आड तिकडे विहीर." ते म्हणाले, "माहीत हाय ना. समदं माहीत हाय. म्हनून तं जाऊन राह्यलो." त्यानंतर ते माझ्या जीनवर आले नाहीत. रस्त्यात भेटले की सलाम करायचे, तब्येत विचारायचे, आणि पुढे जायचे. गेल्या साली वारले. मी खांदा द्यायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलानं मला जागा करून दिली, आणि आमच्यात काय बिनसलं ते बापानं मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

इशिदाला पोहोचवायला मी स्टेशनवर गेलो. जायचं नव्हतं, पण न जाणं दिसलं असतं. वाटेत मी ठरवलं होतं की गाडी सुटायच्या आधी त्याला सांगायचं. निदान त्याच्या एकट्याच्या कानात. फलाटावर आमच्याशिवाय फारसं कोणी नव्हतं. उन्हानं रूळ चकाकत होते. सांगायला मला भरपूर वेळ मिळाला, अर्धा तास तरी. मी त्याला पाणी प्यालास का विचारलं, वाटेत कुठं जेवण मिळेल ते सांगितलं. शेवटी त्यानंच तोंड उघडलं. "दिगंबरसान," तो म्हणाला, "हमको देखना था. आपके ऊपर छोड़ दिया. आपको तकलीफ हुआ. माफ करना." आणि तो वाकला, गासड्यांना वाकला होता तसाच खोल. मी म्हणालो, "नहीं, नहीं, ऐसा कुछ नहीं." जेवायला आलेला माणूस उशीर झाला म्हणून माफी मागतो तेव्हा यजमान जे बोलतो, ते मी बोललो.

त्याच्या जागी दुसरा माणूस आला. नाकासमोर चालणारा, कामाला चोख. तो सरकी चावत नसे, त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा आणि मीही तेवढंच बोलायचो. शराकत उत्तम चालली, लढाई पेटेपर्यंत. लोक मला भाषणाला बोलवायचे, परदेशी माणसांशी धंदा कसा करावा, ते सांगा म्हणायचे. मी चौथ्या कलमाचं महत्त्व सांगायचो. टाळ्या पडायच्या. शराकत टिकली होती, शरीक गेला होता, आणि हे ज्यांना कळलं असतं अशी दोनच माणसं मला सोडून गेली होती. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. तिनं मात्र त्यानंतर कोणत्याही साहेबाला धपाटे पाठवले नाहीत, आणि मी कारण विचारलं नाही.

ओसाका जळालं ते वाचलं त्या दिवशी मी हिशेब केला. त्याची मुलगी आता वीस-बावीस वर्षांची असेल. असेल का? पत्र टाकावं असं मनात येतं. पत्ता जुना आहे, गाव उरलेलं नाही, आणि लिहायचं ते पंधरा वर्षांत जमलं नाही. तरी रोज दुपारी दौत-टाक घेऊन बसतो. 'इशिदासान' एवढं लिहितो. पुढे कुठल्या भाषेत लिहावं ते कळत नाही, असं मी स्वतःला सांगतो. भाषेची अडचण नाही, हे मला ठाऊक आहे.

कारण मराठीतही मला ते जमलं नव्हतं. इशिदा गेला त्याच्या पुढच्या पाडव्याची गोष्ट आहे. आभाळ निरभ्र, थंडी कोरडी, कपाशीला असं साल दहा वर्षांत आलं नव्हतं. ताशे वाजत होते. फाटकाला लागून पहिली गाडी उभी होती ती राणूजीची. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं माझं काम होतं. पहारेकऱ्यानं फाटक अडवून धरलं होतं. नवा साहेब ओट्यावर उभा राहून बघत होता. मी बाहेर गेलो.

राणूजीनं गाडीवरून उडी मारली. अंगात धुतलेली बंडी, चेहरा हसरा. "मालक, आवंदा माल बघाच. येक येक बोंड वाळवून आनलंय. गेल्या साली वलसर आनला म्हनून मनाला लई लागून राह्यलं व्हतं. आवंदा रीत बाजूला ठिवा, तळापोहतर हात घाला, सरकी चावा."

मी म्हणालो, "राणूजी, तुझी गाडी घेता येत नाही. कंपनीचा हुकूम आहे. गेल्या सालच्या ओल्या मालामुळे."

त्याला समजायला वेळ लागला. मागच्या गाडीवानांनी ऐकलं होतं, ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"पन म्या तं सांगितल्तं की, मालक. तुमच्या कानात सांगितल्तं. काळ्या कोटाच्या साहेबाला तुम्ही सांगितलं न्हाई का?"

सगळे ऐकत होते. ओट्यावरचा नवा साहेब ऐकत होता, जरी त्याला कळत नव्हतं. अजून एकदा, सगळं नीट करायची संधी माझ्या हातात आली होती, आणि ती माझ्या आईच्या भाषेत आली होती.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "साहेबाला सगळं सांगितलं होतं."

राणूजीनं पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग त्यानं मान हलवली, माझ्या खांद्याला हात लावला, जसा घरात मयत झालेल्या माणसाला लावतात तसा. "मंग तुमचा काय दोस न्हाई, मालक," तो म्हणाला. "त्यो साहेबच खोटा निघाला."

त्यानं कासरा ओढला आणि गाडी वळवली. मुहूर्त टळत होता, म्हणून मी मागची गाडी आत घ्यायला सांगितली.